माझे नाव वजावट

मी एक म्हातारी गाढवीण आहे आणि माझे नाव वजावट आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या मित्रांनो, मला राग नाही. याच नावाने एकदा टोर्सडाल खोऱ्यातल्या दोन सरळमार्गी माणसांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटायला लावले होते. ती हकीकत पुढे येईलच. पण आत्मवृत्त म्हटले की जन्मापासून निघावे लागते, आणि माझा जन्म या हिरव्या खोऱ्यात नव्हे, नेवाडाच्या वाळवंटात झाला.

तिथे आम्ही कुणाच्याच मालकीचे नाही, असे आम्हाला वाटत होते. एके सकाळी आकाशात हेलिकॉप्टर घरघरले, आम्ही पळालो, आणि पळता पळता आपल्याच पायांनी एका मोठ्या कोंडवाड्यात शिरलो. मग कळले की ते वाळवंट सरकारी आहे, त्यावर चरणारी रानगाढवे सरकारच्या देखरेखीखाली आहेत, आणि गवताच्या मानाने आमची संख्या फार झाली आहे. एका माणसाने माझ्या मानेवर डाव्या बाजूचे केस भादरले आणि कमालीचा थंड केलेला शिक्का दाबून धरला. त्याने कातडी जळत नाही. केसांना रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या थंडीने मरतात, केस मात्र जगतात. म्हणून त्या जागी पुढे जन्मभर पांढरे केस उगवतात. माझ्या करड्या मानेवर ती पांढरी खूण अजून आहे.

तो शिक्का वॉशिंग्टनच्या सरकारचा, म्हणजे साऱ्या देशाचा. टोर्सडालचे लोक त्याला मोठे सरकार म्हणतात. दुसरे सरकार आमच्या विस्कॉन्सिन राज्याचे, मॅडिसन शहरात बसणारे. दोघांचे कायदे वेगळे, कर वेगळे. एकाच गाढवाकडे दोघे दोन बाजूंनी बघतात, हे मला पुढे समजायचे होते.

मोठ्या सरकारने आम्हाला दत्तक द्यायला काढले, तेव्हा व्हर्लिन आणि अर्लिस ट्वेटन हे जोडपे तिथे आले. व्हर्लिन आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. अर्लिस शाळेची बस चालवायची आणि त्या वयातही सोडायला तयार नव्हती. उतारवयात दोघांनी मेंढ्या घेतल्या होत्या. अर्लिस कठड्यावर हनुवटी टेकून आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ती घेऊ या."

"का गं? कान मोठे म्हणून?" व्हर्लिनने विचारले.

"बाकीच्या सगळ्या आपल्याकडे बघतायत. ती दाराच्या कडीकडे बघतेय."

ते खरे होते. कडी या वस्तूबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

टोर्सडालमध्ये मेंढ्यांचा शत्रू म्हणजे कायोटी. हा प्राणी कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि दोघांहून बेरकी असतो. मी येण्याआधीच्या वसंत ऋतूत त्याने कोकरांची धूळधाण केली होती. व्हर्लिनने कुरणात दिवे लावून पाहिले. कायोटी दिव्याच्या उजेडात शिकार करू लागला. व्हर्लिनने रेडिओवर पोल्का नाचाची गाणी लावून ठेवली. "त्याला पोल्का आवडतो असं दिसतंय," अर्लिस म्हणाली, "आता जेवताना गाणी ऐकतो." शेवटी दोघांनी वाचून, विचारून, आसपासची शेते हिंडून ठरवले की राखणीला गाढव ठेवायचे. कुत्र्याच्या जातीचे काहीही दिसले की आम्हा गाढवांचे डोके फिरते. आम्ही पळून जात नाही, अंगावर जातो. याला शौर्य म्हणू नका; पाणी उताराकडे जाते तितकेच ते आपोआप होते.

सुरुवातीला मेंढ्या मला भ्यायच्या. माझा आवाज ऐकून एकदा सगळा कळप कुंपणाला जाऊन चिकटला होता. मी तोंड फिरवून चरत राहिले. मला दिसले की मेंढीला धीर देण्याचा एकच मार्ग आहे, तिच्याकडे न बघणे. पहिले बर्फ पडेपर्यंत त्या माझ्या मागे उभ्या राहू लागल्या, म्हणजे वाऱ्याकडे मी आणि आडोशाला त्या. माझे दोन कान दोन वेगळ्या दिशांना वळतात. एक कळपाकडे आणि एक झाडीकडे ठेवून मी रात्रंदिवस कामावर असायची. कोकरे वाढू लागली. इथल्या ओल्या मातीत माझे वाळवंटी खूर मऊ पडून पसरायचे, तेव्हा व्हर्लिन माझा पाय मांडीवर घेऊन ते कापायचा, आणि कापताना माझ्याशी हवामानाविषयी बोलायचा.

आता नावाची गोष्ट. अर्लिसची थोरली बहीण मर्ना गावात लोकांचे कराचे कागद तयार करून द्यायची. तिची कचेरी पूर्वी न्हाव्याचे दुकान होती, आणि पाहुण्याला बसायला तिथे अजून न्हाव्याचीच खुर्ची होती. त्या खुर्चीत बसले की माणूस मान हलवायला घाबरतो आणि खरे बोलतो, असे मर्नाचे म्हणणे होते. मला बघायला ती आली ती हातात चष्मा घेऊनच.

"ही करते काय?"

"कायोटी हाकलते," अर्लिस म्हणाली.

"मग हिचा चारा, हिचा डॉक्टर, सगळा मेंढ्यांच्या धंद्याचा खर्च. उत्पन्नातून वजा." मर्नाने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. "काय गं वजावट?"

त्याच क्षणी एक माशी माझ्या कानावर बसली आणि मी कान हलवला. मर्ना म्हणाली, "बघ, ओ दिली!" झाले. नाव चिकटले.

मित्रांनो, वजावट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. धंदा करणाऱ्याने मिळालेल्या सगळ्या पैशावर कर भरायचा नसतो. तो पैसा मिळवायला जो रास्त खर्च झाला तो आधी वजा करायला कायदा परवानगी देतो, आणि उरलेल्यावर कर घेतो. जे वजा होते ती वजावट. म्हणजे मी ट्वेटनांच्या उत्पन्नातून वजा व्हायची. मला त्यात अपमान वाटला नाही. मोठ्या सरकारच्या हिशेबात माझी किंमतही वर्षागणिक झिजत गेली, कारण जुन्या होणाऱ्या कामाच्या वस्तूची किंमत कागदावर उतरवत नेतात. ज्या वर्षी माझी किंमत शून्य झाली, त्याच वर्षी पशुवैद्याने सांगितले की ही फार जाड होत चालली आहे.

राज्याचा प्रश्न निराळा होता. शेतावर राबणाऱ्या जनावराच्या चाऱ्यावर आमच्या राज्यात विक्रीकर नाही. हौसेने पाळलेल्या जनावराच्या चाऱ्यावर आहे. त्यामुळे चाऱ्याच्या दुकानातला ऑर्विल पोते उचलण्याआधी विचारायचा, "कामाचं की हौसेचं?" अर्लिस ठणकावून सांगायची, "कामाचं." मग ती गल्ल्याशेजारच्या बरणीतून पेपरमिंटच्या गोळ्या घ्यायची, कारण मला पेपरमिंट फार आवडते.

"याही तिलाच ना?" ऑर्विल म्हणायचा. "मग टाकू चाऱ्यातच?"

"खबरदार! यावर कर लाव. पोतं धंद्याचं आहे. गोळ्या माझ्या आणि तिच्यातल्या आहेत."

ती वर्षे आनंदाची होती. मी कुरणात एक रिकामे पिंप ढकलत न्यायची, आणि कोकरे त्यावर उड्या मारायची. मी गोठ्याची कडी ओठांनी उचलून बाजूला सारायला शिकले, मग साखळी काढायला शिकले. व्हर्लिन नवी कडी लावायचा आणि अर्लिसशी मारलेली पैज हरायचा. सतरा मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाला, गावात नॉर्वेच्या झेंड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात मी लाल फितींची गवती टोपी घालून सर्वांच्या पुढे चालायची. त्याचा फोटो ट्वेटनांच्या ओसरीवर लावला होता.

पण टोर्सडालमध्ये आनंद झाला तरी कुणी तसे म्हणत नाही. इथली माणसे नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे. पीक उत्तम आले तर म्हणतात, "वाईट नाही." मुलगी डॉक्टर झाली तर म्हणतात, "याहून वाईट होऊ शकलं असतं." मिरवणुकीत माझ्यासाठी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा व्हर्लिन माझ्या कानात म्हणाला, "वाईट नाही गं." याहून मोठी शाबासकी या खोऱ्यात नाही.

आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठ्या सरकारच्या करखात्याचे पत्र आले. मर्ना ते घेऊन थेट कुरणाच्या फाटकाशी आली. व्हर्लिन कुंपणाची तार ताणत होता, अर्लिस माझी पाठ खरवडत होती.

"त्यांना बघायचंय, की हा तुमचा धंदा आहे की हौस," मर्ना म्हणाली.

"फरक काय पडतो?" अर्लिसने विचारले.

"धंदा असेल, तर मेंढ्यांतला तोटा तुझ्या बसच्या पगारातून वजा होतो. हौस असेल तर होत नाही. मेंढ्यांचे आलेले पैसे मात्र उत्पन्नात धरतात, आणि त्यातून खर्च काही वजा करू देत नाहीत."

"आणि राज्य?"

"राज्याचं गणित मोठ्या सरकारच्या आकड्यावरून सुरू होतं. तिकडं बदललं की इकडंही बदलतं."

व्हर्लिनने हातातली पक्कड खाली ठेवली. "म्हणजे मेंढ्या विकायच्या."

मग अर्लिसचा हात माझ्या पाठीवर थांबला. "आणि हिला?"

"मेंढ्याच नसतील तर राखण कसली, अर्लिस?" व्हर्लिन हळूच म्हणाला.

मित्रांनो, माझे कान लांब आहेत. मला त्या दिवशी ते थोडे आखूड असते तर बरे, असे वाटले.

"रडू नका आत्ताच," मर्ना म्हणाली. "पाचांतली तीन वर्षं नफा असता तर हा धंदाच आहे असं ते धरून चालले असते. तुम्हाला दोनच वर्षं नफा आहे. पण म्हणून संपत नाही. ते नऊ गोष्टी बघतात. काम धंद्यासारखं करता का, जाणकारांना विचारता का, वेळ किती घालता, तोटा झाला की रीत बदलता का..."

"नववी काय?" व्हर्लिनने विचारले. हा माणूस कुठलीही यादी शेवटून वाचतो.

"नववी म्हणजे, त्यात तुमची मौजमजा किती आहे."

व्हर्लिनचा चेहरा पडला. त्याने माझ्याकडे पाहिले, कोकरे ज्यावर उड्या मारत होती त्या पिंपाकडे पाहिले, आणि तो तरातरा ओसरीकडे निघाला. अर्लिस त्याच्या मागे धावली. मर्ना नवव्या गोष्टीबद्दल आणखी काही सांगत होती, पण ते ऐकायला तिच्यापुढे फक्त मी उरले होते. व्हर्लिनने शिडी लावून माझा टोपीवाला फोटो भिंतीवरून उतरवला.

त्यानंतर आमच्या शेतावरून आनंद हटवण्याचे काम सुरू झाले. टोपी माळ्यावर गेली. पिंप कोठारामागे गेले. फाटकावर अर्लिसने रंगवलेली हसरी मेंढी होती, तिच्या तोंडावर व्हर्लिनने करड्या रंगाचा एक पट्टा ओढला, आणि ती दात दुखत असल्यासारखी दिसू लागली. संध्याकाळी गोठ्यात दोघांची तालीम चालायची.

"विचारलं, मेंढ्या पाळायला आवडतं का? तर काय सांगायचं?" व्हर्लिन म्हणायचा.

"आवडतं."

"झालं! गेल्या मेंढ्या."

"मग काय सांगू? पहाटे उठून लेंड्या उचलायचा मला कंटाळा येतो, पण करते बापडी?"

"असंच. पण सांगताना हसू नकोस."

"तू समोर असलास की हसू येतंच रे. ते काय मेंढ्यांमुळं नाही."

"आणि हिचं नाव! सरकारी माणसापुढं वजावट म्हणून हाक मारलीस तर त्यांना वाटेल, आपण कर चुकवायलाच गाढव पाळलंय. आजपासून ही टिल्डा."

"टिल्डा," अर्लिसने मला हाक मारली. मी चरत राहिले. "टिल्डा! ए टिल्डा!" मी मागे वळून पाहिले, की टिल्डा नावाचे कुणी आले आहे का.

शेवटी त्यांनी ठरवले की तपासणीच्या सकाळी मला गोठ्यात बंद करायचे. अर्लिसचे मन घेत नव्हते. "जून आहे," ती म्हणाली. "कायोटीला पिल्लं झालेली असतात. भरदिवसा फिरतो तो."

"एका सकाळीनं काय होतंय?" व्हर्लिन म्हणाला. "हिच्याकडं बघून कुणाला हसू आलं नाही, असं एकदा तरी झालंय का?"

तपासनीस बाई आल्या त्या मिलवॉकी शहरातून. नाव रेनाटा वोयचिक. बूट शहरी असले तरी चिखलात पाय कुठे टाकायचा हे त्यांना माहीत होते. मर्नाने सगळे कागद मेपलच्या झाडाखालच्या बाकावर मांडले होते. माझ्या गोठ्याच्या फळ्यांतून मला बाक दिसत होता, आणि बाकापलीकडे कुरण. चौघेजण बसले. अर्लिसने विचारले, "कॉफी घेणार?"

"नको, नको. उगाच त्रास," रेनाटाबाई म्हणाल्या.

"त्रास कसला? केलेलीच आहे."

"नको, खरंच."

"थोडीशी?"

"बरं. अर्धा कप. केलेलीच असेल तर."

अर्लिसचा हात किटलीवर थबकला. मिलवॉकीची माणसे पहिल्यांदाच हो म्हणतात, नाहीतर पहिल्यांदाच नाही म्हणून मोकळी होतात. दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा अर्धा कप मागायचा, ही रीत आमच्या डोंगरांतली. तिने व्हर्लिनला डोळ्यांनी खुणावले. त्याच्या काही ते लक्षात आले नाही. तो चेहरा दगडासारखा करून बसला होता.

बराच वेळ कागदांवर बोलणे झाले. मग रेनाटाबाईंनी सहज विचारले, "हे काम कसं वाटतं तुम्हाला?"

व्हर्लिन याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने अगदी सपाट आवाजात सांगितले, "वाईट नाही."

बाईंचे पेन थांबले. "वाईट नाही?"

"वाईट नाही," व्हर्लिन आणखी सपाट आवाजात म्हणाला. बाहेरच्या माणसाला यातून काही कळणार नाही, अशी त्याची खात्री होती.

"माझी आजी पलीकडच्याच खोऱ्यातली," रेनाटाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर तिला आईनं विचारलं, नवरा कसा आहे? ती म्हणाली, वाईट नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात बोभाटा, की पोरगी नवऱ्यावर खुळावलीय." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले.

व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते मला गोठ्यातूनही दिसले.

"ते जाऊ द्या," मर्ना घाईने म्हणाली. "तुम्ही शेत बघा. वजा... आपली ती गाढवीण कुठाय गं अर्लिस?"

"टिल्डा होय? टिल्डा आत आहे."

"टिल्डा कोण?"

अर्लिसने बाकाखाली बहिणीच्या पायावर पाय दिला. मर्ना ओरडली. रेनाटाबाई तिघांकडे आळीपाळीने बघू लागल्या.

त्याच वेळी माझा डावा कान आपोआप झाडीकडे वळला. गवत एका बाजूने हलत होते आणि वारा नव्हता. मेंढ्या पसरून चरत होत्या. बाकावरच्या कुणाची तिकडे नजर नव्हती. मग गवतातून दोन टोकदार कान वर आले, आणि एक कोकरू त्यांच्यापासून फार लांब नव्हते.

त्या सकाळी व्हर्लिनने नवी साखळी लावली होती आणि तिचा आकडा उलटा अडकवला होता. एरवी मी तिच्याशी खेळत बसले असते. त्या दिवशी खेळले नाही. ओठांनी आकडा वर केला, दातांनी ओढला, कडी सारली आणि खांद्याने दार ढकलले. दार बाहेरच्या भिंतीवर धाडकन आपटले. मी बाकाला वळसा घालून अशी सुटले, की मर्नाचे कागद उडाले. गळ्यातून मी माझा सगळा आवाज काढला. तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

अर्लिस उठली नाही, ती उडाली. क्षणात ती बाकावर चढून दोन्ही हात उंच करून ओरडत होती, "वजावट! धाव! वजावट, हाण त्याला! अगं डावीकडं, वजावट, डावीकडं!"

कायोटीने मला पाहिले, कोकराला पाहिले, आणि हिशेब केला. तो चुकला, कारण त्याला वाटले मी वळताना थांबेन. मी थांबले नाही. माझा पुढचा पाय त्याच्या शेपटीच्या अगदी जवळ आपटला. तो कुंपणाखालून गेला तेव्हा त्याची थोडी लव तारेला राहिली. मी मागे वळले तर सगळा कळप धावत येऊन माझ्या पाठीशी उभा राहिला होता, ज्याच्यावरून हे घडले ते कोकरू माझ्या पोटाखाली होते, आणि बाकावर अर्लिस टाळ्या पिटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मर्नाही हसत होती. व्हर्लिनने हसू दाबायला तोंडावर टोपी धरली होती, पण त्याचे खांदे गदगदत होते.

मग हळूहळू सगळ्यांना आठवले की तिथे कोण बसले आहे.

"तुम्ही तिला काय हाक मारलीत?" रेनाटाबाईंनी विचारले.

"टिल्डा," व्हर्लिन टोपीतून म्हणाला.

"मला तसं नाही ऐकू आलं."

अर्लिस बाकावरून खाली उतरली. तिने स्कर्ट नीट केला. "तिचं नाव वजावट आहे," ती म्हणाली. "मला खोटं बोलता येत नाही, आणि आठवडाभर बोलायची तालीम करून माझं पोट दुखायला लागलंय. आम्हाला या कामात मजा येते. वाईट नाही वगैरे नाही. फार मजा येते. आता काय लिहायचं ते लिहा."

"नाव मी ठेवलंय," मर्ना म्हणाली. "तेही लिहा."

रेनाटाबाईंनी पेन उचलले. "ही कधी आणलीत? आणि का?"

अर्लिसने सगळे सांगितले: वाया गेलेली कोकरे, दिवे, पोल्का, हिंडून पाहिलेली शेते. मी आल्यापासून कोकरे कशी टिकू लागली, आणि नफ्याची दोन्ही वर्षे त्यानंतरचीच कशी, हे मर्नाने दाखवले. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"तोटा झाला, तुम्ही कारण शोधलंत, रीत बदललीत, आणि बदलाचा उपयोग झाला. मला नेमकं हेच बघायचं होतं. आणि ते तुम्ही गोठ्यात कोंडून, वर साखळी लावून ठेवलंत? का?"

"तुम्हाला मजा दिसू नये म्हणून," व्हर्लिन खाली बघत म्हणाला. "ते नववं..."

रेनाटाबाई प्रथमच मोठ्याने हसल्या. "ट्वेटन, धंदा खरा असला तर त्यात मजा वाटली म्हणून काही तो हौस ठरत नाही. तसं नियमातच लिहिलंय. रडत रडत काम करा, असं कायदा कुणालाच सांगत नाही."

"हेच मी सांगत होते!" मर्ना म्हणाली.

"केव्हा?"

"तू शिडी आणायला पळालास तेव्हा! मी गाढवाला सांगत बसले होते."

तेवढ्यात मी बाकापाशी पोचले आणि अर्लिसने सवयीने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली. बाईंनी कागद चाळले. "हा खर्च मला कुठं दिसला नाही."

"तो धंद्याचा नाही," अर्लिस म्हणाली. "तो माझा आहे."

रेनाटाबाईंनी तेही लिहिले. आज निकाल सांगता येत नाही, पत्र येईल, एवढेच म्हणून त्या उठल्या. जाताना माझ्या मानेवरच्या पांढऱ्या खुणेवर त्यांनी बोट फिरवले. "म्हणजे ही आमच्याकडूनच आलीय," त्या म्हणाल्या, आणि जातानाही हसत होत्या.

पत्र आले तेव्हा मी फाटकाशीच होते. मर्नाने ते फोडले, वाचले आणि नुसते पुढे धरले. व्हर्लिनने वाचले. "काही बदल नाही," तो म्हणाला. "बस? एवढंच?"

"अरे, करखात्याच्या भाषेत याहून गोड शब्द नाही," मर्ना म्हणाली. "काही बदल नाही, म्हणजे तुमचा हिशेब होता तसाच मान्य."

व्हर्लिनने पत्र पुन्हा वाचले. "काही बदल नाही," तो आनंदाने पुटपुटला. "हे सरकार तर आपल्या खोऱ्यातलंच निघालं." त्याच दुपारी शिडी लागली, फोटो भिंतीवर गेला, आणि फाटकावरच्या मेंढीला तिचे हसू परत मिळाले. रंग थोडा वेगळा लागल्यामुळे ती आता पूर्वीपेक्षा जास्त हसते.

मित्रांनो, त्याला बरीच वर्षे झाली. माझे गुडघे आखडले. एक कान आता झाडीकडे वळायला वेळ लावतो. गेल्या वसंतात नेवाडाहून एक तरुण गाढवीण आली. मर्नाने तिचे नाव सवलत ठेवले. ती चपळ आहे, कळप तिच्या मागे उभा राहतो, आणि व्हर्लिन आधी तिचे खूर कापतो. मी मेपलखाली एकटी उभी राहू लागले. तेव्हा मला आमच्या कागदावरची ती शून्य किंमत पहिल्यांदा आठवली.

एके दिवशी अर्लिस मला डॉक्टरकडून परत आणत होती. वाटेत ती चाऱ्याच्या दुकानापाशी थांबली. मी बाहेर गाडीत होते, दुकानाचे दार उघडे होते.

"दोन पोती," अर्लिस म्हणाली.

"कामाचं की हौसेचं?" ऑर्विलने नेहमीप्रमाणे विचारले.

अर्लिसने उघड्या दारातून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "एक कामाचं. एक हौसेचं."

"कोण हौसेचं? वजावट?" ऑर्विल खालच्या आवाजात म्हणाला. "अगं, कोण बघायला येतंय? कामाचंच लिहू की. नाहीतर त्यावर कर लागेल."

"लाव की मग. मी नको म्हटलं का? ती आता काम करत नाही. मला आवडते म्हणून ती आहे. हौस माझी, तर कर कुणी भरायचा?"

पहिल्यांदा मला वाईट वाटले, कारण माझे काम संपल्याचे असे उघड कुणी म्हटले नव्हते. पण पुढची सगळी वाट मी त्यावर विचार करत होते, आणि घराचे फाटक दिसेपर्यंत मला उमगले. पेपरमिंटची गोळी जशी धंद्याबाहेरची, तशी आता मी सगळीच्या सगळी. माझा चारा, माझा डॉक्टर, मी स्वतः, सारे त्या गोळीच्या बाजूला आले होते.

तुमच्याही घरी, अंगणात किंवा गल्लीत कुणीतरी असे असेल, ज्याचे काम संपले आहे. त्याला कामाच्या खात्यातून काढावेच लागेल. हिशेब खरा ठेवायला हवा. पण काढून बाहेर टाकू नका. पलीकडच्या खात्यात घ्या, जिथे माणूस स्वतःच्या खिशातून देतो आणि देताना कुरकुरत नाही. तिथे जागा भरपूर असते, मी पाहिली आहे.

यंदाच्या सतरा मेला मिरवणुकीत सवलत पुढे चालली. मी गाडीत उभी राहून मागून गेले, टोपी मात्र माझ्याच डोक्यावर होती. तुम्ही विचाराल, आता कशी आहेस?

वाईट नाही.